बेटपण, आरोग्यसेवा आणि लोकसहभाग : मांडवा प्रकल्पाचा ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर मार्गावर, तर दुसरी डोंबिवलीत कल्याण-शीळ मार्गालगत. पहिली वस्ती भूगोलाच्या दृष्टीने बेटावर आहे, कारण ठाण्याची खाडी आणि वसईची खाडी यांनी वेढलेला साष्टीचा भूभाग हे बेटच होय. परंतु मानपाड्याच्या रहिवाशाला आपण बेटावर राहतो याची जाणीव सहसा होत नाही. पूल, लोहमार्ग, महामार्ग आणि दाटीवाटीने उभी राहिलेली रुग्णालये यांनी त्या भूभागाचे बेटपण पुसून टाकले आहे. याउलट रायगड जिल्ह्यातील मांडवा हे मुख्य भूमीवरील बंदर असूनही दीर्घकाळ बेटासारखे जगले. गेटवे ऑफ इंडियावरून समुद्रमार्गे सुमारे तासाभराच्या अंतरावर असलेले हे गाव रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास दूर पडते. पावसाळ्यात समुद्र खवळला की गेटवेकडील प्रवासी वाहतूक बंद होते.

यावरून असे म्हणता येते की आरोग्यसेवेच्या इतिहासात 'बेट' ही केवळ भौगोलिक संज्ञा नाही. रुग्ण आणि उपचार यांच्यामधील अंतर ज्या समाजव्यवस्थेने कायम ठेवले, ती व्यवस्था म्हणजे बेट. प्रस्तुत लेखात १९७० च्या दशकात मांडवा परिसरात झालेल्या लोकसहभागाच्या प्रयोगाचा या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. यशस्वी ठरलेला हा प्रयोग सुमारे दहा वर्षांनी का थांबला आणि त्या थांबण्याचा आजच्या आरोग्यव्यवस्थेशी काय संबंध आहे, हे प्रस्तुत विवेचनाचे दोन मुख्य प्रश्न आहेत.

२. पार्श्वभूमी : शासकीय चौकट आणि तिच्या मर्यादा

स्वातंत्र्यपूर्व काळातच भोर समितीने १९४६ च्या अहवालात ग्रामीण भागासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. उपचार आणि प्रतिबंध यांची सांगड घालणारी व कोणाचीही पैसे देण्याची ऐपत न पाहणारी सेवा, हे त्या अहवालाचे सूत्र होते. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर ही केंद्रे उभी राहू लागली. महाराष्ट्रात १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्यानंतर ग्रामीण आरोग्यसेवेचा मोठा भाग जिल्हा परिषदांच्या अखत्यारीत आला. त्यामुळे आरोग्य केंद्र ही वैद्यकीय संस्था असतानाच स्थानिक सत्ताकारणाचाही एक घटक बनली. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

इमारती उभ्या राहिल्या, तरी शहरात शिक्षण घेतलेला डॉक्टर खेड्यात टिकत नव्हता. एका केंद्राकडे अनेक गावे सोपविलेली असत आणि परिचारिकेला दूरच्या वाड्या-पाड्यांवर नियमित पोहोचणे अवघड जाई. कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचा दबाव वाढल्यानंतर तर, विशेषतः १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात, आरोग्य कर्मचारी म्हणजे शस्त्रक्रियेसाठी माणसे शोधणारा सरकारी नोकर अशी त्याची प्रतिमा झाली. आरोग्य केंद्र गावात होते, पण ते गावाचे नव्हते.

३. मांडवा प्रकल्प : स्वरूप आणि कार्य

डॉ. नोशीर अँटिया (१९२२–२००७) हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील ख्यातनाम प्लास्टिक सर्जन होते. कुष्ठरोगामुळे विद्रूप झालेल्या हातापायांच्या व चेहऱ्याच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांचे नाव झाले होते. एक विकृती शस्त्रक्रियेने दुरुस्त होत असताना अनेक नव्या विकृती गावांत निर्माण होत राहतात. रोग आरंभीच ओळखला गेला तर शस्त्रक्रियेची वेळच येत नाही. ते ओळखणारा माणूस मात्र गावातच असावा लागतो. कुष्ठरोगावर काम करणाऱ्या शल्यचिकित्सकाचे लक्ष सामाजिक आरोग्याकडे वळणे या दृष्टीने स्वाभाविक होते. १९७५ मध्ये त्यांनी 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' या संस्थेची स्थापना केली. अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरातील कार्य हा त्यांच्या सामाजिक आरोग्यविषयक विचाराचा पहिला मोठा कस होता.

सुमारे तीस गावे आणि सुमारे तीस हजार लोकवस्ती असे या प्रकल्पाचे क्षेत्र होते. त्याचे गृहीतक साधे होते. गावातील अल्पशिक्षित स्त्रीला योग्य प्रशिक्षण आणि आधार मिळाला, तर आरोग्याची बहुतांश कामे ती स्वतः करू शकते. त्यानुसार गावातीलच स्त्रिया आरोग्य कार्यकर्त्या म्हणून पुढे आल्या. किरकोळ आजारांवर उपचार, क्षय व कुष्ठरोगाच्या संशयित रुग्णांचा शोध, माता व बालकांची देखभाल, लसीकरणासाठी लोकांना तयार करणे आणि कुटुंबनियोजनाविषयी समजूत घालणे अशी कामे त्या करीत. स्त्रीने स्त्रीशी तिच्याच बोलीत, तिच्याच ओटीवर बसून बोलावे, ही गोष्ट कोणत्याही शासकीय परिपत्रकाने साधणारी नव्हती.

प्रकल्पाने आपले गृहीतक सिद्ध केले. शाळेचा फारसा संस्कार न झालेल्या स्त्रिया वैद्यकीय ज्ञानाचा आवश्यक भाग आत्मसात करू शकतात आणि तो जबाबदारीने वापरू शकतात, हे मांडव्याने दाखविले. ज्या समाजात वैद्यकीय ज्ञान हे पदवी, इंग्रजी भाषा आणि शहर यांच्या तटबंदीत राहिले होते, तेथे हे निरीक्षण लहान नव्हते.

४. समकालीन प्रयोग

मांडवा हा एकाकी प्रयत्न नव्हता. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. स्थानिक पुढाऱ्यांच्या निमंत्रणावरून आणि एका जुन्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या इमारतीतून त्याचा आरंभ झाला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहावयास तयार नव्हत्या. तेव्हा गावातीलच, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना प्रशिक्षण देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांचा आधार त्यांच्या पाठीशी उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवेवरील ग्रंथात जामखेडचा समावेश झाला, तर १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) डहाणू तालुक्यात कासा येथेही याच दशकात डॉ. पी. एम. शहा यांच्या मार्गदर्शनाखाली माता-बाल आरोग्य व पोषणाचा प्रकल्प राबविण्यात आला. येथे अर्धवेळ काम करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आदिवासी पाड्यांवर मुलांच्या वजनाची नोंद ठेवली आणि धोक्यातील बालके वेळीच ओळखण्याची पद्धत बसविली. मात्र कासा प्रकल्प शासकीय आरोग्य केंद्राच्या चौकटीतच चालला.

या पार्श्वभूमीवर १९७५ च्या श्रीवास्तव समितीने समाजातूनच अर्धवैद्यकीय कार्यकर्ते तयार करण्याची शिफारस केली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र शासनाने दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा पन्नास रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. पुढील वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्मा-आटा परिषदेने 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा केली. परंतु प्रयोगाची योजना होताना त्यातील गाभा हरवला. शासकीय योजनेत निवड झालेल्यांमध्ये पुरुषांचे प्रमाण मोठे राहिले आणि गावातील वजनदार मंडळींचा शब्द निवडीत चालला. मांडवा व जामखेड येथे स्त्री केंद्रस्थानी होती. योजनेने ती जागा पुन्हा प्रस्थापितांकडे दिली.

५. प्रकल्पाची अखेर : एक विश्लेषण

सुमारे दशकभराच्या कार्यानंतर मांडवा प्रकल्प बंद झाला. तो निधीअभावी किंवा वैद्यकीय अपयशामुळे बंद झाला नाही. डॉ. अँटिया यांनी १९८८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिलेल्या वृत्तान्तानुसार स्थानिक राजकीय नेतृत्वाचा विरोध आणि शासकीय आरोग्ययंत्रणेची अनास्था ही त्यामागील कारणे होती. या घटनेचा अर्थ तीन पातळ्यांवर लावता येतो.

पहिली पातळी ज्ञानाची आहे. आजार म्हणजे काय, औषध कोणते आणि ते का, हे गावातील स्त्रीला कळू लागले की आरोग्य केंद्रात औषध का नाही, हा प्रश्न ती विचारू लागते. सेवा घेणारा मनुष्य हक्क मागू लागतो. औषध वाटणारी स्त्री सर्वांना हवी असते, पण प्रश्न विचारणारी स्त्री फार थोड्यांना हवी असते.

दुसरी पातळी उपकाराच्या राजकारणाची आहे. रुग्णाला गाडी मिळवून देणे, मुंबईच्या रुग्णालयात चिठ्ठी देणे, डॉक्टरला शब्द टाकणे ही ग्रामीण नेतृत्वाची प्रभावी साधने होत. उपचार घरापाशी मिळू लागले तर चिठ्ठीचे मोल कमी होते. म्हणजेच समुद्रामुळे निर्माण झालेले बेटपण काहींच्या सोयीचेही होते. नावाडी जसा नदीवर जगतो, तसे मध्यस्थ अंतरावर जगतात.

तिसरी पातळी संघटनेची आहे. जामखेडला स्थानिक निमंत्रण, शेतकरी मंडळे आणि स्वतःचे रुग्णालय असा त्रिविध आधार होता. कासा येथे शासकीय यंत्रणा स्वतःच प्रकल्पाची वाहक होती. मांडव्यात मात्र कल्पना, तज्ज्ञता व मार्गदर्शन मुंबईहून समुद्र ओलांडून आले होते. स्त्रियांच्या हाती कौशल्य आले, पण त्या कौशल्याचे रक्षण करणारी सामूहिक सत्ता त्यांच्या हाती तितक्या प्रमाणात आली नसावी. प्रस्तुत लेखकाच्या मते लोकसहभागाच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. सहभाग कार्यात असेल आणि निर्णयात नसेल, तर पहिल्याच वादळात तो वाहून जातो.

येथे साधनांच्या मर्यादेचा उल्लेख आवश्यक आहे. प्रकल्पाचा मुख्य लिखित वृत्तान्त त्याच्या प्रवर्तकाचा आहे. विरोध करणाऱ्यांची बाजू त्यांच्या शब्दांत आपल्यासमोर नाही. प्रवर्तकाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका न घेताही, एकाच बाजूच्या साक्षीवरून काढलेला निष्कर्ष तात्पुरता मानला पाहिजे, ही इतिहासलेखनाची शिस्त आहे.

६. उत्तरकाळ

मांडवा बंद झाला, तरी त्यातील विचार संपला नाही. डॉ. अँटिया यांच्या संस्थेने पुढे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात परिंचे परिसरात स्त्री आरोग्य कार्यकर्त्यांना घेऊन काम उभे केले. गावकरी त्यांना 'ताई' म्हणत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील आरोग्यदूतांमार्फत नवजात बालकांची घरच्या घरी देखभाल केली. तेथे नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा' कार्यकर्तीची नेमणूक केली, तेव्हा निवड गावातील स्त्रीचीच होईल, असे ठरले. मांडव्याचे गृहीतक तीन दशकांनी राष्ट्रीय धोरण झाले. २००७ पासून ठाणे जिल्ह्यासह महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला आणि जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांना थेट प्रश्न विचारू लागले.

नंदुरबार जिल्ह्यात तर बेटपण नव्याने निर्माण झाले. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली आणि डोंगरमाथ्यांवरील पाड्यांना होडीखेरीज मार्ग उरला नाही. तेथे तरंगते दवाखाने आणि होडीच्या रुग्णवाहिका सुरू कराव्या लागल्या. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवून बालके व गरोदर मातांपर्यंत पोहोचल्याची वार्ता देशभर गाजली. तिचे कौतुक योग्यच होते. परंतु एका स्त्रीच्या बाहुबळावर व्यवस्थेने विसंबावे काय, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला.

'आशा' कार्यकर्तीची स्थितीही याहून फार वेगळी नाही. तिला स्वयंसेविका म्हटले जाते आणि कामाच्या मोजणीनुसार मोबदला मिळतो. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'आशां'चा गौरव केला. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच महाराष्ट्रातील 'आशां'ना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. काम तिचे आणि निर्णय इतरांचा ही मांडव्यातील उणीव धोरणाबरोबर पुढे आली आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) आरोग्यसेवेपासूनचे अंतर भौगोलिक असते तितकेच सामाजिक व राजकीय असते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी रो-रो सेवा सुरू झाल्याने पहिले अंतर कमी झाले. दुसरे अंतर केवळ जहाजाने कमी होत नाही.

(२) अल्पशिक्षित स्त्री आरोग्यसेवेचा कणा होऊ शकते, हे मांडवा, जामखेड, परिंचे आणि गडचिरोली येथे वारंवार सिद्ध झाले आहे. यापुढे तिच्या क्षमतेची परीक्षा घेण्याऐवजी तिच्या अधिकाराचा विचार झाला पाहिजे.

(३) प्रयोगाचे यश आणि प्रयोगाचे टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. टिकण्यासाठी निर्णयात वाटा असलेली स्थानिक संघटना आवश्यक असते.

शेवटी अध्यापकवर्गासाठी एक सूचना करावीशी वाटते. मांडवा प्रकल्पात काम केलेल्या स्त्रिया आज वृद्धापकाळात असतील. त्यांची साक्ष नोंदविली गेली नाही, तर या प्रयोगाचा इतिहास शल्यचिकित्सकाचा इतिहास म्हणूनच उरेल. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि रायगड परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या साह्याने मौखिक इतिहासाचे हे कार्य हाती घेतल्यास ते विद्यार्थ्यांना संशोधनाची शिस्त देईल. शिवाय ज्यांनी गावाचे आरोग्य सांभाळले, त्यांना त्यांच्याच इतिहासात त्यांची जागा मिळेल. हे काम करण्यास फार वर्षे हाती नाहीत.