सैनिकाची पेन्सिल व पत्रांची भाषा

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) लढलेल्या हिंदी सैनिकांच्या घराण्यांतून पदके जपलेली आढळतात. क्वचित त्यांच्यासोबत पेन्सिलीचा एखादा आखूड तुकडाही असतो. पदकाच्या कडेवर नाव कोरलेले असल्यामुळे त्याचे मोल सहज कळते. पेन्सिलीचे तसे नाही.

त्या काळी रणांगणावर ‘कॉपिंग’ जातीची पेन्सिल फार वापरली जाई. ग्रॅफाइटमध्ये अ‍ॅनिलिन रंग मिसळून ती करीत. कोरडी असता तिची रेघ करडी दिसे. ओल लागताच जांभळी होई व मग पुसता येत नसे. दौत सांभाळण्याची गरज नसल्याने खंदकात ती सोयीची होती. टोक जिभेवर ओले करण्याची खोड मात्र घातक, कारण रंग विषारी. टोपणात शाईच्या वड्या ठेवता येणारे पार्करचे ‘ट्रेंच पेन’ही निघाले होते, दरमहा ११ रुपयांच्या शिपायास ते कोठून परवडणार?

परंतु पेन्सिलीचा धनी हाच पत्राचा लेखक, असे गृहीत धरता येत नाही. अनेक शिपाई निरक्षर होते. ते सांगत व साक्षर सोबती लिहून देत. त्यामुळे या पत्रांत बोली आणि पत्रलेखनाचे रूढ मायने यांची सरमिसळ होणे स्वाभाविक होते.

फ्रान्समधील हिंदी फौजेची पत्रे तपासण्याचे काम १९१४ मध्ये ई. बी. हॉवेल यांच्याकडे आले. त्यांच्या कचेरीने काढलेले उतारे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण ते इंग्रजी भाषांतरात. तपासनिसाला चकविण्यासाठी एतद्देशीय सैनिकांना काळी मिरी व गोऱ्यांना लाल मिरची म्हटल्याचे त्यांत दिसते. हिंदुस्थानीत हा संकेत ‘मिर्च’ या एकाच शब्दावर उभा राहू शकतो. मराठीत मिरे निराळे, मिरची निराळी. मूळ शब्दच हाती नसेल, तर अशा संकेताची घडण तपासावी कशी?

शिवाय १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि कुत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सैन्यात होत्या. फ्रान्सच्या दप्तरात त्यांचा आवाज शोधणे व्यर्थ होय. म्हणून पेन्सिलीच्या तुकड्यापेक्षाही त्याच डब्यात घडी करून ठेवलेला मोडी कागद अभ्यासकास अधिक मोलाचा. मोडी वाचता येत नाही म्हणून घरचे लोक तो रद्दीत काढतात, किंवा धूळ झाडताना ओला फडका फिरवितात. पाण्याने तो रंग फुटतो व अक्षर पसरते.