कोळंबीची वाढ आणि आनुवंशिकता

एकाच दिवशी सोडलेले बीज, तेच पाणी, तेच खाद्य. तरीही संवर्धन तलावातील काही कोळंब्या इतरांपेक्षा बऱ्याच मोठ्या होतात. हा फरक संततीत कितपत उतरेल, हे आनुवंशिकतेच्या प्रमाणावरून कळते. ते शून्य ते एक यांच्या दरम्यान असते. समजा, तलावातील सरासरी वजन २० ग्रॅम आहे आणि पैदाशीसाठी सरासरी २४ ग्रॅमचे नर-मादी निवडले. प्रमाण ०.३ असेल, तर त्या ४ ग्रॅमपैकी पुढच्या पिढीच्या पदरात १.२ ग्रॅमच पडतात. बाकीचा फरक बहुतांशी खाद्याचा, जागेचा वा निव्वळ नशिबाचा.

हे प्रमाण काढणे कष्टाचे असते. एका नराचा दोन माद्यांशी संयोग घडवून सख्खी व सावत्र भावंडे मिळवतात. प्रत्येक कुटुंब आधी वेगळ्या टाकीत वाढवून, खूण करून, मग सर्वांना एकत्र सोडतात. कोळंबी कात टाकते, त्यामुळे कवचावरची खूण टिकत नाही. शेपटीच्या पारदर्शक स्नायूत रंगीत द्रव्य टोचावे लागते.

व्हेनामी या जातीत वाढीचा गुण चांगलाच आनुवंशिक आहे. पण तेवढ्यावर भाळून चालत नाही. इक्वाडोरमध्ये १९९२ साली आढळलेल्या तौरा विषाणूजन्य रोगाने अमेरिका खंडातील कोळंबीशेतीचे मोठे नुकसान केले. त्यानंतर हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटने दोन वाण निवडले. केवळ वाढीसाठी निवडलेला वाण एका पिढीत सुमारे २१ टक्क्यांनी वजनदार झाला. मुख्यतः रोगप्रतिकारासाठी निवडलेल्या वाणाची तगण्याची क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली; वजन मात्र न निवडलेल्या कोळंबीहूनही सुमारे ५ टक्के कमी भरले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, त्या कोळंबीत दोन्ही गुण परस्परविरोधी दिशेने जात होते. शिवाय हे प्रमाण त्या समूहापुरते व त्या परिस्थितीपुरतेच खरे असते. स्वच्छ टाकीत अव्वल ठरलेले कुटुंब रोगट तलावात तसे ठरेलच असे नाही.

भारताने व्हेनामीस २००९ मध्ये परवानगी दिली. तिचे प्रजनक परदेशी पैदासकारांकडून येतात आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून उबवणी केंद्रांकडे जातात. म्हणजे कोणता गुण निवडायचा, हा निर्णय बव्हंशी बाहेरच होतो. आपल्या किनाऱ्यावरील भारतीय पांढऱ्या कोळंबीच्या आनुवंशिक सुधारणेचा कार्यक्रम चेन्नईच्याच केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने २०२२ मध्ये हाती घेतला, तो या पार्श्वभूमीवर.