मोटारप्रवासात कुत्र्याची काळजी

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीत मोटार सावलीत उभी करण्यास जागा मिळेलच असे नाही. अशा वेळी ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणून पाळीव कुत्र्याला बंद मोटारीत ठेवणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

धोका कशामुळे?

माणसाप्रमाणे कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच शरीर थंड ठेवण्याचा त्याचा मुख्य मार्ग असतो. बंद मोटारीतील हवा तापून दमट झाली, की हा उपायही अपुरा पडतो. कुत्र्याच्या शरीराचे तापमान एरवी सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांवर गेल्यास उष्माघात होऊन मेंदू व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक असतो.

अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, उन्हात उभ्या असलेल्या मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या उघड्या ठेवूनही फारसा फरक पडला नाही.

प्रवासात बसवावे कसे?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला एकाएकी ब्रेक लागल्यास मोकळे बसलेले कुत्रे त्याच वेगाने पुढे फेकले जाते. त्यामुळे त्याच्याबरोबर प्रवाशांनाही इजा होते. त्याला मागील आसनावर बसवून छाती व खांद्यांभोवती हार्नेस घालावा आणि तो सीट बेल्टला जोडावा. पट्टा गळ्याला बांधू नये. हवेशीर पिंजरा वापरल्यास तो हलणार नाही असा घट्ट बसवावा. एअरबॅग असलेल्या पुढील आसनावर कुत्र्याला बसवू नये. खिडकीबाहेर डोके काढू देऊ नये.

निघण्यापूर्वी व वाटेत

जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी द्यावे. उलटीवरील माणसांची औषधे पशुवैद्यकांच्या सल्ल्याविना देऊ नयेत. पाणी, भांडे व लसीकरणाची नोंदवही बरोबर असावी. सोलापूरहून पुण्याला जाताना सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पडते. पहाटे निघून टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या टप्प्यांवर थांबता येते. दार उघडण्यापूर्वी साखळी हातात घ्यावी. डांबरी रस्ता तापला असल्यास पंजे भाजतात, हेही ध्यानात ठेवावे.

उष्माघात झाल्यास

जोरजोराने धापा टाकणे, लाळ गळणे, हिरड्या लालभडक होणे, उलटी, तोल जाणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. ती दिसताच कुत्र्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे थंड पाणी ओतून वारा घालावा. शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पाजावे. बेशुद्ध असल्यास तोंडात पाणी ओतू नये. अंगावर ओले फडके गुंडाळून ठेवू नये, कारण त्याने उष्णता आतच कोंडते. कुत्रे सावरल्यासारखे वाटले तरी त्याला पशुवैद्यकांकडे न्यावेच; आतील अवयवांची इजा काही तासांनंतरही प्रकट होऊ शकते.

प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हा आहे. ज्या ठिकाणी कुत्र्याला बरोबर आत नेता येणार नाही, तेथे एकाने त्याच्याजवळ सावलीत थांबावे. अन्यथा त्याला घरीच ठेवावे.