वर्मी घाव आणि बिनवर्माचे राक्षस

"मामा, सांगाड्याला वर्म असतं का रे?"

मे महिन्यात भाचा बेळगावहून आमच्याकडे फोंड्याला आला होता. फणसाचे गरे खाता खाता त्याने हा प्रश्न टाकला. आधी मला वाटलं, परीक्षेतलं काहीतरी असेल. पण नाही. मित्रांबरोबर तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो, तेही तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या पुस्तकांवरून. त्याचं पात्र चोराचं. लपतछपत जायचं आणि शत्रूच्या वर्मावर खंजीर मारायचा, एवढंच त्याचं बळ. त्या दिवशी समोर सांगाडे उभे राहिले आणि खेळ चालवणाऱ्या मित्राने निकाल दिला की सांगाड्याला वर्म नसतं, तुझा वार फुकट. मग तासभर बाकीचे लढले आणि आमचे चिरंजीव हातातले फासे खुळखुळवत बसून राहिले.

मी म्हटलं, थांब, जरा शोधून बघू. शोधायला गेलो तर त्या एका नियमामागे पन्नास वर्षांचा वाद निघाला!

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण गोष्ट सांगतो, राक्षस आणि भुयारं मांडतो. त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेका वीराची भूमिका घेतात. वार लागला की चुकला ते फासे ठरवतात. प्रत्येकाला हिट पॉइंट्स नावाचे गुण असतात, ते संपले की खेळ संपला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावी राहणारे गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ 1974 साली छापला. छोट्या सैनिकांच्या बाहुल्या मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींतून तो जन्मला.

चोर आला 1975 च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत. अंगावर हलकं कातडी चिलखत, समोरासमोरच्या लढाईत कच्चा. म्हणून त्याला एक सवलत दिली. गुपचूप मागून वार केला तर तो लागण्याची शक्यता वाढे आणि इजा दुप्पट होई. चोर अनुभवी होत गेला की त्याहूनही जास्त. हा झाला पाठीवरचा वार.

वर्मी घावाचा, म्हणजे क्रिटिकल हिटचा, उगम वेगळा. त्याच 1975 साली 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ निघाला. तो रचणारे एम. ए. आर. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात उर्दू शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या खेळात वीस पैलूंच्या फाशावर वीस पडले की इजा दुप्पट. इथे कसब नाही, नशीब आहे. ही कल्पना लोकांना फार आवडली. 1980 च्या 'आर्म्स लॉ'मध्ये तर कुठल्या शस्त्राने कुठला अवयव जायबंदी होतो याचे तक्तेच्या तक्ते छापले गेले.

गायगॅक्स मात्र विरोधात. 1979 च्या मार्गदर्शक ग्रंथात त्यांनी याचा समाचार घेतला. त्यांचं म्हणणं असं की हिट पॉइंट्स म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे. त्यात कसब आलं, दैव आलं. मग घाव नेमका कुठे बसला हे विचारण्यात अर्थ काय? शिवाय खेळणारा आपलं पात्र मायेने वाढवतो, त्याला एका फाशासरशी मारण्याच्या आणखी वाटा कशाला हव्यात? हिशेब केला तर त्यांचं खरं वाटतं. राक्षस शेकड्यांनी येतात आणि मरतात. वीर एकच असतो आणि फासे सगळ्यांच्याच हातात असतात.

1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत पाठीवरच्या वाराला मर्यादा लिहिल्या गेल्या. शत्रू साधारण माणसासारखा हवा, कारण कुठे मारायचं हे ठाऊक असणं हाच चोराच्या कसबाचा भाग. त्याला पाठ हवी. राक्षसी लगद्याची पाठ कुठली? आणि नेमक्या जागी हात पोचायला हवा. महाकाय राक्षसाच्या घोट्यात खंजीर खुपसून काय होणार!

2000 साली, कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या हाती गेल्यानंतर, तिसरी आवृत्ती आली आणि हे दोन्ही प्रवाह एकत्र झाले. पाठीवरच्या वाराचं नाव 'स्नीक अटॅक' झालं. शत्रू बेसावध असला किंवा दोन बाजूंनी घेरला गेला की चोराला जादा फासे मिळू लागले. त्याचबरोबर एक सरळ सूत्र आलं, की ज्याला वर्मी घाव लागत नाही त्याला स्नीक अटॅकही लागत नाही. मग यादी आली: मेलेले पण चालणारे, यंत्रासारखे घडवलेले, लगदे, वनस्पती, पंचमहाभूतांतले जीव, अशरीरी भुतं. चिलखतावरही तसा मंत्र घालता येई. दर्जानुसार 25, 75 किंवा 100 टक्के वेळा वर्मी घाव साधा होऊन जाई.

तर्क चोख आहे. पण आकडे बघा. नवव्या पायरीवरच्या चोराचा खंजीर सरासरी अडीच गुणांची इजा करतो. स्नीक अटॅकचे पाच फासे सरासरी साडेसतरा देतात. ताकद आणि जादू बाजूला ठेवली तर माणसावर वीस आणि सांगाड्यावर अडीच, म्हणजे एक अष्टमांश! वर 2003 च्या सुधारित नियमांत सांगाड्याला बोथट शस्त्राखेरीज कुठलाही वार पाच गुणांनी कमी लागतो. म्हणजे ते अडीचही गेले. ज्या साहसकथेत स्मशान आहे तिथे चोराने करायचं काय?

ही तक्रार ऐकली गेली. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने ती यादीच काढून टाकली. 2009 च्या 'पाथफाइंडर'ने मधला मार्ग धरला. प्रेतं आणि यंत्रं यांना वर्म दिलं, लगदे आणि महाभूतं यांना नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतही सरसकट मोकळीक राहिली नाही. ॲडमंटाइनचं चिलखत घातलं तर वर्मी घाव साधा होतो, एवढंच. अर्थात जुने खेळाडू कुरकुरले. लगद्याला वर्म असेल तर लगदा आणि माणूस यांत फरक तो काय राहिला?

कुरकुर अगदीच खोटी नाही. पण मला यात एक गंमत दिसते. गायगॅक्सनी वर्मी घाव नाकारला तो खेळणाऱ्याच्या पात्रावरच्या मायेपोटी. तीस वर्षांनी पुढच्यांनी राक्षसांची मोकळीक काढली तीही टेबलापाशी बसलेल्या माणसाकडे बघूनच. नियम उलटे, पण काळजी तीच. मधल्या यादीने राक्षसाच्या शरीराचा बारकाईने विचार केला. शेजारी रिकामा बसलेला पोरगा मात्र तिच्यातून निसटला.

आता भाच्याचा प्रश्न. सुश्रुताने शरीरात 107 मर्मं सांगितली आहेत. आपलं 'वर्म' म्हणजे तेच. त्यांतली आठ अस्थिमर्मं आणि वीस संधिमर्मं, म्हणजे हाडांची आणि सांध्यांची. हे सांगताच भाचा उडालाच! मी त्याला बजावलं, सुश्रुत जिवंत देहाबद्दल बोलतोय, मर्मात प्राण असतो असं त्याचं म्हणणं. तुझा मित्र म्हणेल, सांगाड्यात प्राण कुठे आहे?

"नसू दे," तो म्हणाला, "सांधा तर आहे ना! सांधा निखळला तर तो चालणार कसा?"

रात्री त्याने मित्राला फोन लावला. तासभर हुज्जत घातली म्हणे. शेवटी ठरलं, सांध्यावर नेमका वार केला तर निम्मे फासे. पुढच्या रविवारी तो रिकामा बसणार नाही.