लेजर आणि लेझर

मी बँकेत लागलो तेव्हा जाडजूड लेजरं शेवटचे श्वास घेत होती. त्यामुळे ‘लेझर प्रिंटर’ हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मला वाटलं, हे लेजर छापायचं यंत्र असणार. बी.कॉम. झालेल्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

असा एक प्रिंटर पुढे आमच्या घरी आला. घरातला संगणक म्हातारा झाला म्हणून चिरंजीवांनी त्यावर लिनक्स बसवलं. “बाबा, फुकट आहे,” म्हणाला. ‘फुकट’ या शब्दाला आमच्या घराण्यात मंत्राची ताकद आहे. संगणक तरुणासारखा पळू लागला, पण प्रिंटर ढिम्म! कंपनीला फोन केला, तर “लिनक्सला सपोर्ट नाही सर,” असं उत्तर मिळालं. सूर अगदी आम्ही काउंटरवरून “लंच अवर” म्हणतो तो.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण आईच्या जात्यावरच्या ओव्या लेकीनं टाइप करून ठेवल्या होत्या. त्या मोठ्या अक्षरांत छापून हव्या होत्या, कारण आईला आता बारीक दिसत नाही आणि गुरुवारी ती गावी निघणार होती.

मग या भानगडीच्या मुळाशी गेलो. महागड्या प्रिंटरला स्वतःचं डोकं असतं. पान कसं दिसावं हे सांगितलं की आखणी तो स्वतः करतो. स्वस्तातल्या प्रिंटरचं डोकं काढून घेऊन किंमत उतरवलेली असते. त्याच्यासाठी ठिपका न् ठिपका संगणकानं मांडायचा आणि कंपनीच्या खासगी भाषेत कळवायचा. ती भाषा जाणणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आमच्या प्रिंटरच्या कंपनीनं हा दुभाषा फक्त विंडोजला दिला होता.

गंमत अशी की, लिनक्सच्या घराण्याची कुळकथाही एका प्रिंटरपासूनच सुरू होते. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीनं एक लेझर प्रिंटर दिला. कागद अडकला की तो गप्प बसे आणि माणसं दुसरीकडे आपापल्या जागी वाट बघत बसत. तिथल्या रिचर्ड स्टॉलमननं आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी घालून सोय केली होती, की अडलं तर ज्याचा कागद त्याला निरोप जावा. नव्याचा मूळ प्रोग्रॅम मात्र कोणी देईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका गृहस्थांकडे तो होता. पण कुणाला देणार नाही असा शब्द आपण दिलाय, असं सांगून त्यांनी नकार दिला.

म्हणजे बॅलन्स सांगणार, पण लेजर दाखवणार नाही! आमच्या बँकेत असं झालं तर ऑडिटर काउंटरवर चढेल. स्टॉलमन काउंटरवर चढला नाही. त्यानं २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम सर्वांना उघडा, ज्यानं त्यानं वाचावा, सुधारावा, पुढे द्यावा. १९८४च्या जानेवारीत त्यासाठी एमआयटीची नोकरी सोडली. (हा भाग मी सौ.ला वाचून दाखवला नाही.) १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं गाभ्याचा प्रोग्रॅम लिहिला, पुढे तो स्टॉलमनच्या परवान्याखाली आणला, आणि दोघांचं मिळून लिनक्सचं बिऱ्हाड थाटलं गेलं. छपाईचा कारभार मायकेल स्वीट यांच्या १९९९ मध्ये बाहेर आलेल्या ‘कप्स’नं सांभाळला. २००२ मध्ये ॲपलनंही तोच आपल्या मॅकमध्ये घेतला.

आणि आमचा बिनडोक प्रिंटर? संगणकाकडून अशा प्रिंटरकडे काय काय जातं ते काही परक्या माणसांनी चिकाटीनं तपासलं, त्यांची खासगी भाषा उलगडली आणि दुभाषे लिहून उघड्यावर ठेवले. ओव्हरटाइम नाही, टी.ए. नाही. त्यातला एक आमच्या प्रिंटरला चालला. अट एकच, बटण दाबलं की प्रत्येक वेळी त्याला त्याचं स्वतःचं काम नव्यानं शिकवायचं. पण सोमवारी सकाळी माझीही तीच अवस्था असते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

बुधवारी रात्री अकराला पहिलं पान बाहेर आलं. ते गरम पान आईनं भाकरीसारखं दोन्ही हातांवर घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि मोठ्यानं वाचलं.

शीर्षकाखाली जागा रिकामी होती. लेक म्हणाली, “आजी, इथं नाव घालूया. या ओव्या कुणाच्या गं?”

“कुणाच्या म्हणजे काय? जात्यावर बसेल तिच्या. आत्याबाईंनी मला दिल्या, मी माझ्या दोन घातल्या, पुढं दिल्या.”

मी प्रिंटरकडे पाहिलं. कागद अडकला होता. बिचाऱ्यानं तसा निरोपही पाठवला होता.