व्यावसायिक आजारांची ओळख व नोंद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
यंत्रात सापडून कामगाराला झालेली इजा सर्वांना दिसते. कामामुळे वर्षानुवर्षे शरीरात मुरणारा आजार मात्र कोणीतरी ओळखावा लागतो व त्याची नोंद करावी लागते. कामगार-आरोग्याच्या इतिहासात या दोन कृतींना मूलभूत महत्त्व आहे.

ओळख व नोंदीचा प्रारंभ :
इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या आजारांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. नोंद सक्तीची होण्यास मात्र जवळजवळ दोन शतके लागली. ब्रिटनमध्ये १८९५ च्या कायद्याने शिसे, फॉस्फरस व आर्सेनिक यांची विषबाधा आणि अँथ्रॅक्स हे आजार कळविणे बंधनकारक झाले. १८९८ मध्ये डॉ. थॉमस लेग कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक झाले. शिशाच्या विषबाधेची १९०० मध्ये १,०५८ प्रकरणे नोंदली गेली. १९१० मध्ये ती ५०५ झाली. धोका कोठे आहे हे नोंदीमुळे कळले, म्हणूनच उपाय योजता आले.

भारतीय संदर्भ :
नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी मांडलेल्या मागण्यांत जखमी कामगारास बरा होईपर्यंत वेतन मिळावे, ही मागणी होती. कापसाच्या धुळीपासून होणाऱ्या आजाराचा उल्लेख नव्हता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने काही व्यावसायिक आजार भरपाईस पात्र ठरविले. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ८९ ने व्यवस्थापकाबरोबरच उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही आजार कळविण्याची जबाबदारी टाकली. पुढे या अधिनियमाच्या अनुसूचीत कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिसही समाविष्ट झाला.

या आजारात सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. क्ष-किरण चित्रात त्याची खास खूण आढळत नाही. त्यामुळे तो दमा किंवा जुनाट खोकला समजला जाण्याचा संभव असतो. साहजिकच व्यवसाय विचारला नाही तर निदान होत नाही, निदानाविना नोंद होत नाही आणि नोंदीविना कामगाराचा भरपाईचा दावा दुबळा पडतो.

समारोप :
१९४८ च्या अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असली, तरी आजार कळविण्याचे दायित्व कायम आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने शासकीय अहवालांतील अल्प आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे : नोंद नसणे म्हणजे आजार नसणे नव्हे.