घोडकाठचं कढण आणि समुद्रापारचा भोपळा

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. घरं, चुली, तोटीची रंगीत भांडी, आणि जळून कोळसा झाल्यामुळेच टिकलेले दाणे: सातू, मसूर, कुळीथ, वाटाणा. कढण करायला लागतं ते सगळं त्या घरांत होतं. शिरूर-दौंडकडे आज घरी तांबड्या भोपळ्याचं मसालेदार सूप होतं, त्याची कुळी शोधायची तर सुरुवात या चुलींपासून करावी. त्यांच्यावर तांबडा भोपळा मात्र कधी शिजला नाही. मिरचीही नाही.

दोन्ही मूळची अमेरिकेतली. मेक्सिकोतल्या वाहाका खोऱ्यात, गिला नाकिट्झ नावाच्या गुहेत, याच भोपळ्याच्या एका भावंडाच्या सुमारे 10,000 वर्षं जुन्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडे ही मंडळी पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आली असं मानतात. गोवा त्यांच्या हाती गेला 1510 मध्ये.

इथे आधीपासून भोपळ्याचं घराणं होतंच. कडू भोपळ्याचा तंबोरा होई. दौंडवरून वाहत जाणारी भीमा पुढे पंढरपूरला पोचते, त्या पट्ट्यात मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी आजही भोपळे पिकवतात. कोहळा बळीच्या जागी फोडला जाई. अख्खा तांबडा भोपळा बाईने एकटीने चिरू नये, पहिली सुरी घरातल्या पुरुषाने लावावी, ही जुन्या घरांतली रीत बहुधा कोहळ्याकडूनच या नव्या पाहुण्याकडे आली असावी. पाहुणा इतका घरचा झाला की म्हातारीला लेकीकडून सुखरूप परत आणायचं कामही गोष्टीत त्याच्याकडेच गेलं.

बांधावर किंवा गोठ्याच्या छपरावर वेल चढतो. जाड सालीचं पिकलं फळ अख्खं ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं, आणि कोरडवाहू गावाला तेच हवं होतं.

सुपात जुनी आणि नवी मंडळी एकत्र येतात. सालं काढलेल्या फोडी, कांदा, आलं आणि लसूण कुकरमध्ये घालावं. पाणी बेतानेच, कारण भोपळ्याला स्वतःचं पाणी सुटतं. गर घोटून सैल करावा. मग तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता आणि चार मेथीदाणे. मेथी तांबूस झाली की लगेच फोडणी ओतावी, काळी पडली तर सगळं सूप कडू होतं. तिखटपणा मिऱ्याचा ठेवला, तर मिरची येण्याआधीची चव जिभेवर येते. शेवटी गुळाचा खडा. तो दौंडच्या गुऱ्हाळातला असावा. यवत-केडगावच्या पट्ट्यात उसाच्या हंगामात काहिली तापलेल्याच असतात.

हैतीमध्येही असं सूप होतं, सूप जुमू. फ्रेंच मळेवाल्यांच्या काळात ते गुलामांनी रांधायचं, पण चाखायचं नाही. 1 जानेवारी 1804 रोजी देश स्वतंत्र झाला. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी घरोघरी ते शिजतं. 2021 मध्ये युनेस्कोने त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आपल्याकडे मान मिळाला तो घारग्यांना. म्हणून घारगेही करायचे असतील तर कुकरमध्ये भोपळा नुसताच वाफवून घ्यावा, वाटीभर गर आधी बाजूला काढावा आणि मगच कांदा, आलं आणि लसूण वेगळं परतून सुपात घालावं. त्या वाटीत गूळ विरघळवून मावेल तेवढी कणीक मळली की संध्याकाळी घारगे तळता येतात.